फोटोची पाठ आधी वाचा : हॉट रॉड, ड्रॅग रेस आणि युद्धकाळातल्या विमानांचे जुने फोटो लोकांपुढे कसे ठेवावेत

दक्षिण कॅलिफोर्नियात शनिवारी सकाळी एखाद्या इस्टेट सेलला (गेलेल्या माणसाच्या घरातल्या सामानाची विक्री) जा किंवा रविवारी पोमोनाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात चक्कर मारा, कुठल्यातरी टेबलाखाली बुटाचं खोकं दिसतंच. आत तळहाताएवढे कृष्णधवल फोटो असतात. मडगार्ड काढलेली फोर्ड (वेगासाठी अशी बदललेली जुनी गाडी म्हणजे हॉट रॉड), शेजारी तेलकट हातांची दोन पोरं, मागे सुकलेल्या तळ्याचं सपाट मैदान. त्याच गठ्ठ्यात दोन फोटो खाली बी-१७ बॉम्बर असतं. नवख्याला वाटतं, दोन वेगळे संग्रह कुणीतरी एकत्र कोंबले असावेत. तसं नसतं.

विमानांचे कारखाने इथेच होते: लॉकहीडचा बरबँकला, डग्लसचे सांता मोनिका आणि लाँग बीचला, नॉर्थ अमेरिकन कंपनीचा इंगलवुडला. तिथे काम करणारी, तिथून सैन्यात गेलेली आणि परतलेली पोरंच रविवारी गाडी घेऊन वाळवंटात जायची. बिल बर्क युद्धात पॅसिफिकमध्ये होता. तिथे त्याने विमानाच्या पोटाखाली टांगायच्या जादा इंधनटाक्या पाहिल्या, आणि १९४६ मध्ये पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानाच्या १६५ गॅलनच्या अशाच एका टाकीत इंजिन बसवून त्याने शर्यतीची गाडी केली. पुढे पी-३८ लाइटनिंगची मोठी टाकी या कामाला जास्त सोयीची ठरली. अ‍ॅलेक्स झायडियसच्या सो-कॅल स्पीड शॉपची (शर्यतीच्या गाड्यांचे भाग विकणारं दुकान) टाकीगाडी १९५२ मध्ये यूटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १९८ मैलांनी धावली. धावपट्ट्यांचंही तेच. ड्रॅग रेसिंगची (सरळ पट्टीवर दोन गाड्यांची छोटी शर्यत) पहिली राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे नॅशनल्स, १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला झाली, ती युद्धात बी-२९ च्या प्रशिक्षणाला वापरलेल्या विमानतळावर. इंग्लंडमधलं सांता पॉड हे ड्रॅग रेसचं मैदान १९६६ मध्ये सुरू झालं, तेही बी-१७ च्या जुन्या तळावर, पॉडिंग्टनला. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती होतात, त्यामागेही हीच सोय आहे: लांब, सरळ आणि मोकळी पट्टी दुसरीकडे मिळत नाही.

म्हणून हे फोटो एकत्र असतील तर एकत्रच ठेवा. विक्रेते विमानं वेगळी आणि गाड्या वेगळ्या करून विकतात, कारण गिऱ्हाईक वेगळं असतं. एकदा गठ्ठा फुटला की दोघांमधला माणूस हरवतो, आणि बहुतेक वेळा फोटोची ओळख पटवणारा एकमेव दुवा तोच असतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांच्या घरातून असं खोकं मिळतं. पुण्या-मुंबईतले काही छंदिष्ट ऑनलाइन लिलावात निगेटिव्ह घेतात. दोघांसाठीही क्रम सारखाच.

आधी हाताशी काय हवं

काचेचा सपाट स्कॅनर. निगेटिव्ह असतील तर पारदर्शक फिल्मसाठी झाकणात दिवा असलेला घ्या. एप्सन व्ही६०० च्या जातीचा पुरतो. किमान दसपट मोठं दाखवणारं भिंग. धूळ उडवायचा रबरी ब्लोअर (तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते). नायट्राइलचे हातमोजे, कारण सुती मोज्यांत फोटोची कड हाताला कळत नाही आणि अडकून फाटते. २बी पेन्सिल. आम्लरहित कागदाची पाकिटं. दोन हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि साधी वही.

कागदपत्रांत खरेदीची पावती किंवा विक्रेत्याचा संदेश, आणि फोटो कुटुंबाकडून मिळाले असतील तर त्यांची लेखी परवानगी. या परवानगीबद्दल पुढे सविस्तर.

१. खोकं उघडलंत की काही हलवू नका

आधी मोबाइलवर खोक्याचा, पाकिटांचा, अल्बमच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या. कुठला फोटो कुठल्या फोटोशेजारी होता, ही माहिती पुन्हा मिळत नाही. काळ्या कागदाच्या अल्बममध्ये पांढऱ्या शाईने लिहिलेलं असतं, "एल मिराज, जून" वगैरे (एल मिराज हे कॅलिफोर्नियातलं सुकलेलं तळं). पान सुटं झालं की ते कुठल्या फोटोखाली होतं ते कळत नाही. अशा अल्बमचं आख्खं पान आधी स्कॅन करायचं, मग सुटे फोटो.

मग नाकाने तपासा. आंबट व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेट फिल्म सडायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी, थंड जागी ठेवा आणि तिचं स्कॅनिंग आधी उरका. फिल्म चिकट झालेली, पिवळी-तपकिरी किंवा भुकटी पडणारी असेल आणि कडेवर "सेफ्टी" असा छापा नसेल, तर ती नायट्रेट असू शकते. ही फिल्म पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यानेही सहज विझत नाही. साधारण १९५० पर्यंतच्या निगेटिव्हमध्ये ती सापडते. अशी फिल्म स्कॅनरच्या गरम दिव्याखाली धरू नका, बंद डब्यात कोंडू नका, पोस्टाने तर मुळीच पाठवू नका, कारण ती घातक मालात मोडते. जवळच्या वस्तुसंग्रहालयाला किंवा अग्निशमन दलाला फोन करा.

सत्तरच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम हा वेगळाच त्रास. त्यातून फोटो ओढून काढू नका. फोटो आणि पान यांच्या मधून डेंटल फ्लॉस हळूहळू करवतीसारखा फिरवला की बहुतेक सुटतात. नाही सुटले तर पानासकट स्कॅन करा.

२. पाठ वाचा

नवीन माणूस समोरच्या बाजूवर भुलतो आणि ओळख लिहिलेली असते मागे. प्रत्येक फोटो उलटा करा. पेन्सिलीतलं नाव, स्टुडिओचा शिक्का, कागद बनवणाऱ्या कंपनीचा छापा, अल्बममधून ओढल्याचे काळे कागदी तुकडे, सगळं महत्त्वाचं.

लष्करी छायाचित्राच्या पाठीवर शिक्का आणि निगेटिव्हचा क्रमांक असतो. अमेरिकी सिग्नल कोअरचे (लष्कराचं संदेशवहन दल) फोटो राष्ट्रीय अभिलेखागारात १११-एससी या मालिकेत आहेत, नौदलाचे ८०-जी मध्ये, हवाई दलाच्या एका मोठ्या संग्रहाचा संकेत ३४२-एफएच. मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कला हे संग्रह आहेत आणि बराच भाग ऑनलाइनही शोधता येतो. क्रमांक जुळला तर तारीख, जागा आणि मूळ फोटोओळ एकदम हाती येते. वृत्तसंस्थेचा फोटो असेल तर मागे टंकलिखित चिठ्ठी डकवलेली असते. ती सुटायला आली असली तरी पुन्हा चिकटवू नका. तशीच पाकिटात ठेवा.

सेन्सॉरचा शिक्काही दिसेल. असा फोटो पुढून नीट बघा: कधी विमानाच्या नाकावरचा अँटेना किंवा तुकडीचं चिन्ह कुंचल्याने पुसलेलं असतं. तो डाग नाही. तो त्या फोटोच्या इतिहासाचा भाग आहे, संगणकावर "साफ" करू नका.

छपाईच्या पांढऱ्या कडेवर "ऑगस्ट ५९" असं छापलेलं असेल तर ती प्रयोगशाळेची तारीख. रोल कॅमेऱ्यात सहा महिने पडून राहिलेला असू शकतो, किंवा जुन्या निगेटिव्हची ती दुसरी प्रत असू शकते. फोटो त्या तारखेनंतर काढलेला नाही, एवढंच त्यावरून ठरतं.

तुम्हाला मागे काही लिहायचं असेल तर फक्त मऊ पेन्सिलीने, कडेला, फोटो काचेवर ठेवून. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

३. स्कॅन एकदाच, पण पुरेसा मोठा

छापील फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके). साडेतीन बाय पाच इंचाच्या प्रिंटची फाइल २१०० बाय ३००० पिक्सेल होते. त्याहून छोट्या, काडेपेटीएवढ्या प्रिंटना १२०० द्या. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हला ३२००. खोक्यावर ६४०० लिहिलेलं असलं तरी सपाट स्कॅनरमधून तेवढा खरा तपशील येत नाही, फाइल मात्र फुगते.

फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. निळा शिक्का, लाल पेन्सिलीची खूण, पिवळटपणा हे सगळं करड्या मोडमध्ये बुडून जातं. १६ बिट, टिफ फॉरमॅट. लोकांना दाखवायची जेपेग त्यावरून वेगळी बनवा. पाठीचा स्कॅन ३०० ला पुरे, पण तो करायचाच, आणि फाइलचं नाव पुढच्या बाजूशी जुळवायचं: क्रमांकापुढे "पुढे" आणि "मागे" कळेल असं काहीतरी.

एक सापळा इथे ठरलेला. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये अवरक्त किरणांनी धूळ काढायची सोय असते. ती साध्या रंगीत फिल्मवर छान चालते. कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी मात्र अवरक्त किरण अडवते, त्यामुळे सॉफ्टवेअर चेहरेच धूळ समजून पुसतं. कोडाक्रोम स्लाइडवरही ती बिघडते. दोन्हींसाठी ती बंद ठेवा. आपोआप धार वाढवणारं सेटिंगही बंद.

फाइलच्या नावात आधी साल, मग जागा, मग क्रमांक. साल नक्की नसेल तर दशक. "फोटो १", "फोटो २" अशी नावं ठेवलीत तर वर्षभराने तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

४. निगेटिव्ह उलटी तर नाही ना?

सार्वजनिक ठिकाणी फिरणाऱ्या जुन्या फोटोंत उलटे फोटो बरेच असतात. फिल्मची मंद, कमी चकाकणारी बाजू कुठली हे न बघता स्कॅन केल्याचा हा परिणाम. अक्षरं असतील तर लगेच कळतं. नसतील तर गाडीचं स्टिअरिंग बघा: अमेरिकी गाडीत ते डावीकडे. पण शर्यतीच्या गाडीत ते बरेचदा मधोमध असतं, मग माणसांच्या शर्टाची बटणं बघा.

विमानांसाठी यापेक्षा चांगली खूण आहे. युद्धकाळातल्या अमेरिकी लष्करी विमानाच्या पंखांवर तारा वरून फक्त डाव्या पंखावर आणि खालून फक्त उजव्या पंखावर असे. वरून घेतलेल्या फोटोत तो उजव्या पंखावर दिसला, तर निगेटिव्ह पालथी पडली आहे.

५. विमानाचा फोटो कधीचा

तारीख ठरवताना दोन टोकं शोधायची: याच्या आधीचा असूच शकत नाही, आणि याच्या नंतरचा असूच शकत नाही. मधली जागा जेवढी अरुंद करता येईल तेवढी करायची आणि तिथे थांबायचं.

अमेरिकी चिन्ह या कामाला फार उपयोगी पडतं. निळ्या वर्तुळात पांढरा तारा आणि ताऱ्याच्या मध्यभागी लाल ठिपका, हे सुरुवातीचं रूप. जपानी विमानावरच्या लाल गोळ्याशी घोटाळा होऊन आपल्याच विमानावर गोळ्या झाडल्या जाऊ नयेत म्हणून मे १९४२ मध्ये तो ठिपका काढला. जून १९४३ अखेरीस दोन्ही बाजूंना पांढऱ्या आडव्या पट्ट्या आल्या आणि भोवती लाल कड. लाल रंगाने पुन्हा तीच अडचण केली, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरपासून कड निळी झाली. पांढऱ्या पट्टीच्या आत लाल पट्टा दिसला तर फोटो १९४७ चा किंवा त्यानंतरचा. महायुद्ध तेव्हा संपलेलं होतं. मात्र दूरच्या तळांवर जुनी चिन्हं काही महिने तशीच राहत, त्यामुळे "याच्या आधीचा नाही" हे टोक पक्कं धरा, दुसरं सैल ठेवा.

आपल्या वाचकांना जवळचा तपशील म्हणजे भारत-ब्रह्मदेश आघाडी. तिथे ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलाने गोल चिन्हातला लाल रंगच काढून टाकला आणि गडद निळ्यात फिकट निळा ठेवला. हरिकेन किंवा व्हेंजन्स विमानावर असं दोन छटांचं लहान वर्तुळ दिसलं, तर युरोपातला फोटो म्हणून पुढे ढकलू नका. कुणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेतून तो निघालेला असू शकतो.

बाकीच्या खुणा भराभर सांगतो. पंखांवर आणि धडावर काळे-पांढरे जाड पट्टे असतील तर जून १९४४ मधलं नॉर्मंडीचं आक्रमण किंवा त्यानंतरचे महिने. बी-१७ च्या हनुवटीखाली तोफेची घुमटी असेल तर बहुतेक जी मॉडेल, म्हणजे १९४३ अखेरीपासून पुढे. मस्टँगवर पाण्याच्या थेंबासारखी काच असेल तर डी मॉडेल, १९४४ पासून. रंग न दिलेलं चकचकीत धातूचं बॉम्बर १९४४ च्या सुरुवातीपासून मोठ्या संख्येने दिसतं.

शेपटीवरचा क्रमांक भिंगाखाली वाचा. अमेरिकी क्रमांकात खरेदीच्या आर्थिक वर्षाचा पहिला आकडा गाळून लिहायचे. "मेम्फिस बेल" या प्रसिद्ध बी-१७ चा अधिकृत क्रमांक ४१-२४४८५, पण शेपटीवर १२४४८५ रंगवलेलं. ही गोष्ट माहीत नसेल तर यादीत शोधून काही सापडत नाही. क्रमांक मिळाला की कुठल्या तुकडीचं विमान, कुठे पडलं, परत आलं का, इथपर्यंत जाता येतं. बेपत्ता विमानांचे अहवाल अभिलेखागारात आहेत.

दोन फसवे प्रकार. शेपटीवर "एन" अक्षराने सुरू होणारा नंबर असेल तर विमान नागरी नोंदणीचं, म्हणजे युद्धानंतर कुणीतरी विकत घेऊन उडवलेलं. सत्तरच्या दशकातल्या हवाई प्रदर्शनातला रंग उडालेला फोटो "१९४४, इंग्लंड" म्हणून सर्रास फिरतो. दुसरा प्रकार मजेशीर आहे: वाळवंटाच्या मधोमध युद्धनौका. हा खोटा फोटो नाही. कॅलिफोर्नियातल्या मुरॉकच्या सुकलेल्या तळ्यावर बॉम्बफेकीच्या सरावासाठी लाकूड आणि तारेची जाळी वापरून जपानी क्रूझरची प्रतिकृती उभारली होती. तिला "मुरॉक मारू" म्हणत.

६. गाडीचा फोटो कधीचा आणि कुठला

गाडीच्या वर्षावरून फोटोचं वर्ष ठरवू नका. हॉट रॉड म्हणजेच जुन्या गाडीत नवं काहीतरी. १९३२ ची फोर्ड १९३९ मध्येही धावली, १९५९ मध्येही. म्हणून सर्वांत नवा भाग शोधा. फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनाचं डोकं दिसत असेल तर त्यावरचे बोल्ट मोजा: सुरुवातीला एका बाजूला २१, १९३८ च्या सुमारापासून २४. शेव्हरोलेचं छोटं व्ही-८ इंजिन दिसलं तर १९५४ च्या अखेरीआधीचा फोटो असूच शकत नाही.

कॅलिफोर्नियाच्या नंबरप्लेटने माझं काम सर्वांत जास्त वेळा सोपं केलं आहे. पिवळ्यावर काळी अक्षरं १९५६ पासून, काळ्यावर पिवळी १९६३ पासून, निळ्यावर पिवळी १९६९ पासून. शर्यतीच्या गाडीवर प्लेट नसते, पण मागे उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या गाड्यांवर असते. फोटोचा कोपरा मोठा करून बघा. कृष्णधवल फोटोतही फिकट प्लेट की गडद, हे दिसतंच.

जागेसाठी जमीन बघा. भेगा पडलेली चिकणमाती आणि गाडीमागे धुळीचा लोट असेल तर सुकलेलं तळं: मुरॉक, एल मिराज, हार्पर. मुरॉक पुढे लष्कराने घेतलं, त्यामुळे तिथल्या शर्यतीचा फोटो जवळपास नक्कीच युद्धाआधीचा. दक्षिण कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली शर्यत १९३८ मध्ये तिथेच झाली. जमीन पांढरीशुभ्र असेल आणि माणसांच्या हनुवटीखालचा भाग खालून उजळलेला दिसत असेल, तर तो मिठाचा प्रकाश: यूटामधलं बॉनव्हिल. तिथला स्पीड वीक १९४९ मध्ये सुरू झाला.

ड्रॅग रेसला सुरुवातीच्या रेषेकडे बघायचं. दोन गाड्यांच्या मध्ये झेंडा घेऊन हवेत उडी मारलेला माणूस असेल तर साठीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ. "ख्रिसमस ट्री" म्हणतात तो दिव्यांचा खांब १९६३ मध्ये आला. सांता आनाच्या विमानतळावर १९५० ते १९५९, लाँग बीचजवळच्या लायन्स पट्टीवर १९५५ ते १९७२ या काळात शर्यती होत. लांबलचक ड्रॅगस्टरमध्ये (ड्रॅग रेसची खास गाडी) चालक इंजिनाच्या मागे बसलेला असेल तर बहुधा १९७१ च्या आधीचा फोटो. मार्च १९७० मध्ये लायन्सवर डॉन गार्लिट्स या चालकाच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला, त्यात त्याच्या पावलाचा भाग गेला. पुढच्याच वर्षी तो इंजिन मागे असलेली गाडी घेऊन आला आणि जिंकला. मग सगळ्यांनीच ती मांडणी उचलली.

रंगाबद्दल एक सांगून ठेवतो. घरगुती कॅमेऱ्यात जाणारी कोडॅकची व्हेरिक्रोम फिल्म १९५६ पर्यंत लाल रंगाला आंधळी होती. लाल गाडी तिच्यात काळी दिसते आणि निळी गाडी फिकट. म्हणून फोटोओळीत "काळी रोडस्टर" (रोडस्टर म्हणजे छत नसलेली दोन आसनांची गाडी) लिहू नका, "गडद रंगाची" लिहा. संगणकाकडून रंग भरून घेतलेले फोटो याच कारणाने मला खटकतात. तो अंदाज असतो, आणि दोन-तीन हातांतून फिरल्यावर लोक त्यालाच पुरावा मानतात.

७. हक्क कुणाचा?

मी वकील नाही, पण एवढं प्रत्येकाला माहीत असायला हवं: फोटो विकत घेतला म्हणजे त्याचा स्वामित्वहक्क विकत घेतला असं होत नाही. कागद तुमचा, हक्क काढणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा.

अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून काढलेला फोटो अमेरिकेत सर्वांसाठी खुला असतो. युद्धकाळातले बहुतेक अधिकृत फोटो यात येतात. त्याच सैनिकाने स्वतःच्या कॅमेऱ्याने मित्राचा काढलेला फोटो मात्र खासगी. ब्रिटिश सरकारी फोटो १ जून १९५७ च्या आधी काढलेले असतील तर त्यांचा हक्क ५० वर्षांनी संपलेला आहे.

खासगी फोटोत प्रश्न असा: तो कधी छापून आला होता का? अमेरिकेत जुन्या प्रकाशित फोटोंना प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण. पण १९६३ पर्यंत प्रकाशित झालेल्यांचा हक्क अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण करून घ्यावा लागे. तो केला नसेल तर संपला. कधीच न छापलेल्या फोटोला काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, आणि काढणारा अज्ञात असेल तर काढल्यापासून १२० वर्षं. म्हणजे १९५१ चा, खोक्यात पडून राहिलेला निनावी फोटो २०७१ च्या अखेरपर्यंत बांधलेला. जुना म्हणजे फुकट, हा समज सोडून द्या. भारतात मुदत फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं अशी आहे.

कुटुंब सापडत असेल तर परवानगी लेखी घ्या. साधा ईमेल चालतो, फक्त तीन गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात: फोटो कुणी काढले, तुम्ही ते कुठे ठेवणार, दुसऱ्या कुणी वापरले तर चालेल का. तोंडी "हो हो, टाका की" यावर पुढची पिढी बांधील राहत नाही. कुटुंब सापडलंच नाही तर मी अशा फोटोची लहान प्रत ठेवतो, "फोटोग्राफर अज्ञात, वारसांनी कळवल्यास काढून टाकू" असं खाली लिहितो आणि खरोखर काढतो. कायद्याने याचा धोका आपल्याच डोक्यावर असतो. विकिमीडिया कॉमन्स हा ऑनलाइन फोटोसाठा असे निनावी फोटो ठेवूच देत नाही.

जुन्या मासिकांची पानं स्कॅन करून टाकू नका. वृत्तसंस्थांचे शिक्के असलेले फोटोही नकोत. ते संग्रह मोठ्या एजन्सींकडे गेलेले आहेत आणि त्या विचारणा करतात.

८. फोटोओळ लिहा, पाल्हाळ नको

क्रम ठरवून घ्या: काय, कोण, कुठे, कधी, कुणी काढला, कुठून मिळाला. आणि प्रत्येक गोष्ट कशावरून, ते. उदाहरणार्थ: "१९३२ ची फोर्ड रोडस्टर, मडगार्ड काढलेली. जागा बहुधा एल मिराज (जमीन आणि डोंगररेषेवरून). १९४६ ते १९५०. पाठीवर पेन्सिलीने फक्त 'जून'. फोटोग्राफर अज्ञात. पोमोनाच्या बाजारात घेतलेल्या खोक्यातून; त्यातच बी-१७ चे फोटो होते." यातला "बहुधा" काढू नका. वाचणारा जाणकार त्याच शब्दावर थांबून तुम्हाला डोंगराचं खरं नाव सांगतो.

पाठीवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं अवतरणात, स्पेलिंगच्या चुकीसकट. तुमचा अंदाज वेगळ्या वाक्यात.

हीच माहिती फाइलच्या आत, आयपीटीसी रकान्यांतही (फोटोच्या फाइलमध्ये फोटोओळ, नाव वगैरे नोंदवायचे ठरलेले रकाने) भरा. समाजमाध्यमं ती बहुतेक वेळा पुसून टाकतात, म्हणून ती फक्त तिथेच ठेवून भागत नाही. आणि दुसऱ्याने काढलेल्या फोटोवर आपल्या नावाचा आडवा शिक्का मारू नका. संग्रह तुमचा आहे हे फोटोओळीत सांगता येतं.

९. डागडुजी किती?

धूळ, ओरखडे, वाकडी कड, उजेड-अंधार, एवढंच. संगणकाने "धारदार" केलेल्या फोटोत शेपटीवरच्या आकड्यांचा भलताच आकडा होतो आणि चेहरे कुणा तिसऱ्याचेच दिसतात. कड कापू नका. नंबरप्लेट कडेलाच असते. काही बदललं असेल तर सांगा, आणि मूळ स्कॅनही उपलब्ध ठेवा.

१०. माणसांचा विचार

फोटोतली पोरं गेली असली तरी त्यांची मुलं आहेत. कोसळलेल्या विमानाचा, जखमींचा, मृतांचा फोटो असेल आणि क्रमांकावरून ओळख पटत असेल, तर आधी कुटुंब शोधा, फोटो त्यांना पाठवा, मग ठरवा. कुणी नातेवाईक "हे माझे वडील" म्हणून पुढे आला, तर चांगला स्कॅन विनामूल्य द्या आणि जमलं तर फोनवर त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करून घ्या, अर्थात विचारून. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा माजी सैनिकांच्या आठवणींचा प्रकल्प मुख्यतः सैनिकांनी स्वतः दिलेल्या मुलाखती आणि त्यांचे मूळ फोटो स्वीकारतो. त्यांचे नियम आधी वाचा.

कुणी चूक दाखवली तर फोटोओळ दुरुस्त करा आणि खाली दुरुस्तीची तारीख टाका. जुनी चुकीची ओळ गुपचूप पुसली की ती आधीच उचललेल्या लोकांकडे तशीच फिरत राहते.

११. स्कॅन झाल्यावर मूळ फोटोंचं काय

माळ्यावर आणि गॅरेजमध्ये ठेवू नका. उन्हाळ्यात तिथे फिल्म शिजते. घरातल्या थंड, कोरड्या कपाटात, जमिनीपासून वर. संग्रह मोठा झाला तर संस्थेला द्यायचा विचार करा. गाड्यांसाठी पोमोनाचं वॉली पार्क्स एनएचआरए (अमेरिकेतली ड्रॅग रेस संघटना) संग्रहालय आहे, विमानांसाठी सॅन डिएगोचं हवाई आणि अवकाश संग्रहालय, ज्याने स्वतःचे असंख्य जुने फोटो फ्लिकरवर खुले केले आहेत. न कळवता पार्सल पाठवू नका. आधी यादी आणि चार-पाच स्कॅन पाठवा, गाड्या आणि विमानं एकाच माणसाची आहेत हे पहिल्याच ओळीत लिहा, आणि गठ्ठा न फोडता ठेवाल का ते विचारा. उत्तर "हो" आलं तर दानपत्रात तशी अट घालून घ्या, आणि तुमची वहीही सोबत द्या.